अंगण खरोखरच वाकडं आहे

सी आणि सी++ या भाषांबद्दल कोणी तक्रार केली, की आमच्या धंद्यातली जुनी जाणती मंडळी एक म्हण तोंडावर फेकतात: नाचता येईना, अंगण वाकडं. भाषा निर्दोष असते, लिहिणारा कच्चा असतो. पॉइंटर नीट हाताळा, मर्यादा तपासा, घेतलेली मेमरी वेळेवर परत करा, की झालं सगळं सुरक्षित. रस्टसारख्या नव्या भाषा म्हणजे ज्यांना शिस्त नको त्यांची सोय. हे मत चहाच्या टेबलावर राहिलं असतं तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण हेच मत अभ्यासक्रम ठरवतं, टेंडरच्या अटी ठरवतं, आणि नवं फर्मवेअर कोणत्या भाषेत लिहायचं या बैठकीत शेवटचा शब्दही बहुतेक वेळा त्याचाच असतो. तेव्हा त्याचा समाचार घेणं भाग आहे.

म्हण चांगली आहे. फक्त अंगण अजून कोणी मोजून पाहिलेलं नाही, असं ती वापरणारे गृहीत धरतात. हे अंगण मोजून झालं आहे, आणि एकदा नव्हे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ तेव्हाच्या इंटरनेटवरच्या काही हजार यंत्रांत पसरला. त्याच्या वाटा अनेक होत्या, त्यातली एक ‘फिंगर’ नावाच्या निरुपद्रवी सेवेतून जात होती. कोण लॉगिन आहे एवढंच सांगणारी ही सेवा. आलेली ओळ ठेवायला तिच्याकडे ५१२ बाइटची जागा होती. वर्मने ५३६ बाइट पाठवले. उरलेले २४ बाइट शेजारच्या जागेत सांडले, तिथे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता होता, तो बदलला, आणि यंत्र परक्याचं झालं. ओळ वाचायला वापरलं होतं सी भाषेबरोबरच येणारं ‘गेट्स’ हे फंक्शन. (बिल गेट्स इथे निरपराध आहेत.) या फंक्शनला तुमच्याकडे जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. म्हणजे प्रोग्रामर विसरला, आळस केला, असं इथे म्हणताच येत नाही. जगातला सर्वांत सावध माणूस बसवला तरी बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी ‘गेट्स’ सुरक्षितपणे वापरता येत नाही. भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून ते काढलं गेलं २०११ मध्ये. हल्ला झाल्यावर २३ वर्षांनी!

आणि आपल्याकडे? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर नाव विचारायचं आणि ‘गेट्स’ने वाचायचं, हे प्रात्यक्षिक त्यानंतरही कितीतरी वर्षं गिरवलं गेलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर इथल्या प्रोग्रामरांच्या पिढ्या वाढल्या. त्या भाषेवर आपलं प्रेम आहे, पोटापाण्याचं ऋणही आहे. म्हणून तर तिच्यावरची टीका मनाला लागते. पण ऋण मानायचं म्हणून तिने लावलेल्या सवयींचं समर्थन करायचं, हे पटण्यासारखं नाही.

‘गेट्स’ जुनं झालं, आता असं कोणी लिहीत नाही, असं उत्तर येईल. ठीक, २०१४ घ्या. त्या एप्रिलमध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही चूक ओपनएसएसएलमध्ये होती. बँकेच्या संकेतस्थळापासून ईमेलपर्यंत जगातले असंख्य सर्व्हर ज्या लायब्ररीच्या भरवशावर कुलूपबंद होते, तिच्यातच. प्रकार असा. जोडणी जिवंत आहे ना हे पाहायला समोरचा एक छोटा मजकूर पाठवतो आणि सोबत त्याची लांबी सांगतो; सर्व्हरने तोच मजकूर जसाच्या तसा परत करायचा. आता मजकूर एकाच बाइटचा पाठवला आणि लांबी ६४ हजारांच्या घरातली सांगितली, तर? सर्व्हरने लांबीवर विश्वास ठेवला. त्या एका बाइटपासून पुढे मेमरीत जे काही पडलं होतं, कोणाचा पासवर्ड, कोणाची कुकी, क्वचित सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा, ते गोळा करून त्याने सभ्यपणे परत पाठवलं. लॉगमध्ये नोंद नाही, क्रॅश नाही, काही नाही. हवं तितक्या वेळा मागा.

ज्याने हा कोड लिहिला तो नवशिका नव्हता. या सोयीचं मानक ज्यांनी लिहिलं त्यांतलाच तो एक. कोड रिव्ह्यूही झाला होता, आणि तोही प्रकल्पातल्या अनुभवी माणसाकडून. मार्च २०१२ मध्ये ही आवृत्ती बाहेर पडली. कोड सर्वांना खुला होता, कोणीही वाचावा. तरी मिळालेला मजकूर सांगितलेल्या लांबीएवढा आहे का, हे विचारणारी ओळ तिथे नाही, हे दोन वर्षं कोणाला जाहीरपणे सांगता आलं नाही. ‘नीट लिहा’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: याहून नीट म्हणजे कोणी लिहायचं? मानक लिहिणाऱ्याहून जाणता माणूस कुठून आणायचा?

जावा, गो, सी# किंवा रस्टमध्ये ॲरेला आपली लांबी ठाऊक असते. नसलेला ६४ हजारावा बाइट मागितला की ती जोडणी तिथेच तुटते. तपासणीची ओळ प्रोग्रामरने लिहायची नसते. ती भाषाच घालते, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या घाईतही घालते. कोणी म्हणेल, रस्टमध्येही एकच बफर, म्हणजे मजकूर ठेवायची जागा, पुन्हा पुन्हा वापरून हार्टब्लीडसारखी गळती करता येते. येते, लोकांनी ती करूनही दाखवली आहे. पण तेव्हा त्या बफरमधलाच जुना मजकूर गळतो. शेजारी ठेवलेल्या किल्लीपर्यंत हात जात नाही.

एकदोन प्रसंगांवरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. म्हणून बेरीज पाहू. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की आपण वर्षानुवर्षं ज्या सुरक्षा-त्रुटींवर पॅच काढतो त्यांतल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. पुढच्या वर्षी गूगलच्या क्रोमियम या ब्राउझर-प्रकल्पाच्या गटाने आपल्या गंभीर त्रुटींची छाननी केली, आकडा पुन्हा सुमारे ७० टक्के. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळे प्रॉडक्ट, वेगळे लोक. दोघांकडे जगातले निवडक प्रोग्रामर, कोड तपासणारी महागडी साधनं, त्रुटी शोधून देणाऱ्यांना रोख बक्षिसं. एवढ्या नर्तकांचा पाय एकाच जागी घसरत असेल, तर मी तरी फरशीकडे पाहीन.

आता समोरच्यांचा सर्वांत दमदार मुद्दा. तो डावलला तर हा लेख अर्धा राहील. लॉगफोरशेल ही डिसेंबर २०२१ मधली त्रुटी जावातल्या, लॉग लिहिणाऱ्या एका लायब्ररीत होती. मेमरीची एकही चूक तिच्यात नव्हती. लॉगमध्ये नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट खुणांचा मजकूर दिसला की ही लायब्ररी त्याचा अर्थ लावायची, त्यातल्या पत्त्यावर जायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. माइनक्राफ्ट या खेळाच्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. म्हणजे जे केलं ते हेतुपुरस्सर दिलेल्या सोयीनेच केलं. तसंच इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचं. २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती तिथून गेली ती जावातल्याच स्ट्रट्स या लायब्ररीतून. पॅच मार्चमध्ये आला होता, लावला नाही.

पुण्याचं उदाहरण तर याहून बोलकं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी आपली नकली यंत्रणा उभी केली, ती प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत गेली, आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. वर स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-यंत्रणेच्या मार्गाने हाँगकाँगला काही कोटी. विश्वास कुठे ठेवायचा, कोणता व्यवहार संशयास्पद मानायचा, सुट्टीच्या दिवशी कोण पहारा देतं, असे प्रश्न तिथे होते. त्यांचं उत्तर कोणताही कंपायलर देत नाही.

हे सगळं खरं आहे. पण यावरून ‘म्हणून भाषेने काही फरक पडत नाही’ हा निष्कर्ष निघतो कसा? लॉगफोरशेल जावात झाली, यावरून जावा सर्व रोगांवरचं औषध नाही एवढं सिद्ध होतं. सीमधली ७० टक्क्यांची रांग त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट असं पाहा: जावातल्या कोडमध्ये हल्लेखोराला असली हेतुपुरस्सर दिलेली सोयच हुडकावी लागते. सीमध्ये त्याला तीही वाट उपलब्ध आहे, आणि वर २४ बाइट सांडण्याचीही.

जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याला जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, तेव्हा या दोन्ही वाटा एकाच हल्ल्यात दिसल्या. नॉटपेट्या नावाच्या त्या हल्ल्याची सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एकदा आत शिरल्यावर तो पसरला दोन प्रकारांनी. यंत्रांच्या मेमरीत सापडलेले पासवर्ड चोरून, आणि इटर्नलब्लू या हत्याराने. इटर्नलब्लूचा पाया विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतली एक क्षुल्लक गफलत: ३२ बिटांचा आकडा एके ठिकाणी १६ बिटांचा समजून लिहिला गेला, जागा कमी धरली गेली आणि मजकूर बाहेर सांडला. रस्टमध्ये हिशेब कदाचित असाच चुकला असता, पण चुकीच्या हिशेबावर दुसऱ्याच्या जागेत लिहिता आलं नसतं. पासवर्ड चोरायची वाट मात्र उघडीच राहिली असती. दोनपैकी एक वाट बंद करता येत असताना, दुसरी उघडी राहते म्हणून पहिलीही राहू द्या, असं म्हणणाऱ्या सुरक्षा-सल्लागाराला कोण फी देईल?

जाता जाता एक गंमत. इटर्नलब्लू हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं. ते तिथून फुटलं आणि जगाच्या हाती लागलं. त्याच एनएसएने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर सल्ला दिला, की शक्य तिथे सी आणि सी++ सोडून मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांकडे वळा. या चुकांचं मोल ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, त्यांचा हा सल्ला आहे.

रस्टच्या उत्साही प्रचारकांचीही पाठ थोपटायला मी बसलेलो नाही. ‘रस्टमध्ये लिहिलं, म्हणजे सुरक्षित’ ही जाहिरात आहे, आणि अशी जाहिरात आपण एकदा पाहिली आहे. १९९५ मध्ये जावा आली तेव्हा ब्राउझरमध्ये परका कोड निर्धोकपणे चालवू, असा तिचा डंका होता. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लोकांना ब्राउझरमधली जावा बंद करायला सांगितलं. शिवाय ७० टक्क्यांचा आकडा सी-सी++ मधल्या अवाढव्य प्रॉडक्टमधल्या त्रुटींचा आहे, जगातल्या चोऱ्यांचा नव्हे. तुमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर जावात आणि महापालिकेचं संकेतस्थळ पीएचपीत असेल, तर त्यांना रस्टमध्ये आणून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. तिथे मेमरी आधीच सुरक्षित आहे. तिथे पासवर्ड, पॅच आणि परवानग्या पाहायच्या.

मग रस्टचं काम कुठे? जिथे जावा चालत नाही तिथे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर, मोडेम, ब्राउझरचं इंजिन, चित्र आणि व्हिडिओ उलगडणाऱ्या लायब्ऱ्या. जावा किंवा गो वापरात नसलेली मेमरी गोळा करायला प्रोग्रामसोबत एक झाडूवाला चालू ठेवतात. या ठिकाणी तो परवडत नाही. रस्ट ते काम कंपायलरवर टाकतं. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण, उसना कोणी घेतला, परत कधी, हा हिशेब प्रोग्राम चालण्याआधीच पुरा व्हावा लागतो. नाही झाला तर कंपायलर अडून बसतो. पहिले काही महिने तो जीव नकोसा करतो, हे शिकणारा प्रत्येक जण सांगेल.

आणि याच ठिकाणी सामान्य माणसाचा जीव गुंतलेला असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा एक हल्ला उघड केला: आयमेसेजवरून आलेल्या चित्रातून, मालकाने कुठेही बोट न लावता, आयफोन ताब्यात. त्याच महिन्यात वेबपी चित्रं उलगडणाऱ्या, सीमध्ये लिहिलेल्या लायब्ररीतली मेमरीची चूक बाहेर आली आणि क्रोम, फायरफॉक्ससह ढीगभर ॲप एकदम दुरुस्त करावी लागली. अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, हा सल्ला इथे कुचकामी. ज्या पत्रकाराच्या फोनवर असं चित्र येतं त्याने कितीही काळजी घेतली तरी काय करावं?

‘पण आहे त्या कोट्यवधी ओळी पुन्हा कोण लिहिणार?’ हा प्रश्न विचारून पूर्वी चर्चा संपवता येत होती. आता येत नाही. अँड्रॉइडने जुनं सरसकट पुन्हा लिहिलंच नाही. नवा कोड तेवढा अधिकाधिक रस्ट, कोटलिन, जावात लिहायला घेतला. तिथल्या सुरक्षा-त्रुटींत मेमरीच्या चुकांचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं. २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आलं. आकडे गूगलचे स्वतःचे आहेत, तेवढं लक्षात ठेवा. पण कारण पटण्यासारखं आहे: जुन्या कोडमधल्या चुका सापडत, दुरुस्त होत कमी होत जातात, ताज्या चुका ताज्या कोडमधून येतात. नवीन भरती थांबवली की गर्दी आपोआप ओसरते.

लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ पासून रस्टला प्रवेश मिळाला, आणि २०२५ च्या डिसेंबरात तिथल्या रस्ट कोडमध्ये पहिली अधिकृत सुरक्षा-त्रुटी नोंदली गेली. ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ असा जल्लोष झाला. ती त्रुटी होती ‘अनसेफ’ असं बजावून लिहिलेल्या भागात. रस्टमध्येही हार्डवेअरशी बोलताना कंपायलरचा हात सोडावा लागतो, पण तो कुठे सोडला हे कोडमध्ये लिहावं लागतं, आणि तपासणाऱ्याला नेमकं तिथेच पाहता येतं. सीमध्ये अख्खी फाइल ‘अनसेफ’ असते, फक्त तसं लिहिलेलं नसतं.

त्याच्या महिनाभर आधी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि जगातली असंख्य संकेतस्थळं काही तास बंद पडली. तो कोड रस्टमधलाच. एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी आली, ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली, ‘असं होणारच नाही’ असं गृहीत धरून लिहिलेली ओळ प्रोग्रामला घेऊन बुडाली. लाजिरवाणी चूक. पण प्रोग्राम थांबला. जास्तीचा मजकूर कोणाच्या किल्लीवर सांडला नाही. दुकान बंद पडणं आणि तिजोरी उघडी राहणं यांत मला पहिलं पत्करेल.

अमेरिकेच्या सीआयएसए या सुरक्षा-संस्थेने आणि एफबीआयने उत्पादकांना सुचवलं होतं, की सी-सी++ मधल्या चालू उत्पादनांसाठी मेमरी-सुरक्षेचा आराखडा १ जानेवारी २०२६ पर्यंत प्रसिद्ध करा. सक्ती नव्हती, पण प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे वीज मीटर, राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे, तिकीट यंत्रं यांची खरेदी सरकारी पैशाने लाखांच्या संख्येत होते. टेंडर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती आहे: पुढच्या वेळी एक कलम वाढवा. नव्याने लिहिलेलं फर्मवेअर कोणत्या भाषेत आहे, आणि सी असेल तर का, हे पुरवठादाराने लेखी द्यावं. आणि प्राध्यापकांना एवढंच: सी जरूर शिकवा, यंत्र आतून कळायला तिच्याइतकी चांगली भाषा नाही. पण ज्या तासाला पॉइंटर शिकवाल त्याच तासाला तो ५३६ बाइटचा हल्ला करून दाखवा, आणि ‘गेट्स’ची प्रात्यक्षिकं या वर्षीच वहीतून काढून टाका.